सासूचा ताबा

मुलांचा ताबा मागणारे अर्ज मी पस्तीस वर्षांच्या वकिलीत ढिगाने पाहिले. सासूचा ताबा मागणारा कागद एकदाच पाहिला. तो घेऊन येणारं जोडपं दिवेआगरचं होतं. नवऱ्याच्या वकिलाने मसुद्यात स्वच्छ टाइप केलं होतं, ‘आईचा ताबा पतीकडे राहील.’ बायकोने त्याखाली निळ्या पेनाने लिहिलं होतं, ‘नाही. माझ्याकडे.’ बाकी अकरा अटींवर तिने एक रेघही मारली नव्हती.

मी म्हसळ्याची. तालुक्याच्या कोर्टात वकिली केली आणि शेवटची बारा वर्षं मध्यस्थ म्हणून काम केलं. मध्यस्थ म्हणजे काय, हे अजूनही लोकांना सांगावं लागतं. आमच्या शेजारणीचा समज असा की मी लग्नं जुळवते. मध्यस्थ निकाल देत नाही. कोण खरं, कोण खोटं, हे ठरवत नाही. भांडणाऱ्या दोघांना एका टेबलाशी बसवायचं, आधी एकत्र ऐकायचं, मग एकेकट्याला बोलवून ऐकायचं, आणि त्यांचं त्यांनीच काय ते ठरवेपर्यंत गप्प बसायचं. ते ठरलं की अटी लिहायच्या, दोघांच्या सह्या घ्यायच्या. घटस्फोटाचा हुकूम शेवटी कोर्टच देतं, पण भांडायचं काही उरलेलं नसल्यामुळे दोन तारखांत काम होतं. खोलीत जे बोललं जातं ते बाहेर जात नाही, कोर्टातही सांगता येत नाही. म्हणून इथे नावं बदलली आहेत, आणि दोघांची परवानगी घेतली आहे.

या कामात अवघड गोष्टी सहज सुटतात आणि फुटकळ गोष्टी अडतात. एका जोडप्याचं घर, दागिने, मुलगी, सगळं पहिल्या बैठकीत मिटलं, आणि तीन बैठका गेल्या पोपटावर. पोपट नवऱ्याच्या आवाजात बायकोला हाक मारायचा. नवऱ्याला तो हवा होता कारण तो त्याचा आवाज होता, आणि बायकोला हवा होता कारण तेवढा आवाज तिला चालत होता. पोपट पाळणं मुळात बेकायदा, त्यामुळे मला तो अटींत लिहिताच येईना. पण ते राहू दे. मला हरेश आणि सुगंधाबद्दल सांगायचं आहे, कारण त्यांच्यात मी दोनदा मध्यस्थी केली आणि पहिल्या वेळी जी केली तिचा मला बरीच वर्षं अभिमान होता.

हरेश उरणच्या बाजूला एका कंटेनर यार्डात सुपरवायझर. पंधरा दिवसांनी घरी यायचे. सुगंधा दिवेआगरला सासूबरोबर राहायची. नारळ-पोफळीची वाडी, वाडीत चार खोल्यांचा होमस्टे, आणि तो सगळा ती एकटी चालवायची. मूलबाळ नव्हतं. पहिल्यांदा ते आले तेव्हा लग्नाला सोळा वर्षं झाली होती आणि हरेशनी घटस्फोटाचा दावा लावला होता. कोर्टाने तो माझ्याकडे पाठवला.

कोर्टाच्या मागच्या अंगाला आमची मध्यस्थीची खोली होती. प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं की टेबल गोल हवं, म्हणजे कोणी समोरासमोर येत नाही. आमचं टेबल चौकोनी होतं. मी कोपऱ्यावर बसायचे आणि त्यालाच गोल समजायचे. त्या टेबलाशी तीन बैठका झाल्या. हरेश भरभरून बोलले. सुगंधाही बोलली. ते म्हणाले, घरी आलो की पाहुणा असल्यासारखं वाटतं. ती म्हणाली, पाहुण्यांना मी निदान काय हवं नको विचारते. मी दोघांचं ऐकलं, माना डोलावल्या, थोडं संसाराबद्दल सांगितलं. ते मला येत होतं. तिसऱ्या बैठकीत हरेश म्हणाले, “मॅडम, तुम्ही म्हणता तर दावा मागे घेतो.” सुगंधा म्हणाली, “तुम्ही म्हणता तर मलाही चालेल.”

तुम्ही म्हणता तर. हे दोन्ही वाक्यांत होतं आणि मला ऐकू आलं नाही.

आमच्याकडे महिन्याचा एक तक्ता भरावा लागे. त्यात ‘समेट’ असा एक रकाना होता आणि तो बहुधा रिकामा राही. त्या महिन्यात मी त्यात एक आकडा लिहिला. न्यायाधीशांनी माझं कौतुक केलं. हरेशनी पेढे आणले. मी दोघांना फाटकापर्यंत सोडायला गेले. चालताना एक माझ्या डावीकडे होता, एक उजवीकडे. मला वाटलं, माझ्याबद्दल आदर आहे.

पुढच्या वर्षी वादळ आलं. दिवेआगरच्या वाड्या आडव्या झाल्या. आम्हीही म्हसळ्यात कित्येक आठवडे विजेवाचून काढले, त्यामुळे कोणाचं काय झालं हे उशिरा कळलं. यांच्या चारपैकी तीन खोल्यांचे पत्रे उडाले, पोफळी मोजून सात उरल्या. मला वाईट वाटलं, पण मनात असंही आलं की बरं झालं मी त्यांना एकत्र ठेवलं. अशा वेळी माणसाला माणूस लागतं.

तीन वर्षांनी, मी निवृत्त झाल्यावर, ती दोघं माझ्या घरी आली. दावा-बिवा काही लावलेला नव्हता. परस्परसंमतीने वेगळं व्हायचं ठरवलं होतं, कोर्टाबाहेर सगळ्या अटी ठरवून मगच अर्ज करायचा होता, आणि अडलं होतं फक्त त्या एका अटीवर. मी पंखा लावला, पाणी दिलं, मसुदा वाचला. आणि सवयीने संसाराबद्दल बोलायला सुरुवात केली.

सुगंधाने हात वर केला. वर्गात करतात तसा.

“वकीलबाई, एक विनंती आहे. या वेळी आम्हाला समजावू नका.”

“मी समजावत नाहीये, मी फक्त—”

“मागच्या वेळी तुम्ही चांगल्या मनानेच केलंत. पण माझी चार वर्षं गेली त्यात. यांचीही गेली.”

हरेश खाली बघत होते. त्यांनी मान हलवली. मला आठवतं, त्या दोघांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालेलं मी प्रथमच पाहत होते, आणि ती गोष्ट मी होते.

मी म्हटलं, “ठीक. आईंचंच बोलू. हरेश, तुम्हाला काय वाटतं?”

“मॅडम, आई माझी आहे. लग्न मोडलं म्हणजे ही त्या घरची कोणी नाही. मग आई हिच्याकडे कशी राहील? लोक काय म्हणतील? हिला सांगा, मी आईला उरणला नेणार. लिफ्ट आहे, दवाखाना समोर आहे.”

“यांना विचारा,” सुगंधा म्हणाली, “आईंना सकाळी किती वाजता गोळी लागते.”

मी हरेशकडे पाहिलं.

“हिला सांगा, ते मी शिकून घेईन.”

“यांना सांगा, तोवर आईंचं काय?”

एक जण बोले, दुसरा ते नीट ऐके, आणि मग दोघं माझ्याकडे बघत. मी टेबल टेनिसचा सामना बघणाऱ्यासारखी मान फिरवत होते, आणि मध्येच माझी मान थांबली. मी विचारलं, “तुम्ही घरी एकमेकांशी कसं बोलता?”

हरेश मसुद्याच्या कडा जुळवू लागले. मी पुन्हा विचारलं.

“म्हणजे, काही सांगायचं असलं तर?”

“आई आहे ना,” हरेश म्हणाले.

मग मी दोघांना वेगवेगळं बोलवलं. वेगळ्या बैठकीत माणसं मोकळी होतात. सुगंधाने सांगितलं की लग्नानंतर दोन-तीन वर्षांत कधीतरी बोलणं थांबलं. मोठं भांडण नाही, मारहाण नाही, दारू नाही. कशावरून थांबलं ते आता दोघांनाही आठवत नाही. हरेश म्हणत, आई, हिला म्हणावं भात वाढ. ती म्हणे, आई, यांना विचारा अजून हवाय का. सासू मध्ये बसून इकडचं तिकडे करी. आणि ते इतकं अंगवळणी पडलं की वादळाच्या दुपारी, हरेश घरीच होते, वाऱ्याने पुढचं दार आत येत होतं आणि नवरा-बायको दोघंही खांदा लावून ते धरून उभी होती, एकमेकांच्या कोपराला कोपर लागत होतं, तेव्हाही हरेश ओरडले, “आई, हिला सांग, खालची कडी घाल!” आणि सत्तरी ओलांडलेली म्हातारी त्या वाऱ्यात माजघरातून ओरडली, “सुगंधाऽ, खालची कडी घाल!”

“मग घातलीस?” मी विचारलं.

“त्यांनी सांगितल्यावर घातली,” ती म्हणाली. “आईंनी.” आणि हसायला लागली. बराच वेळ हसत होती. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, “त्या दिवशी मी ठरवलं. छप्पर गेलं त्याचं नाही वाटलं इतकं.”

हरेशनीही मला तीच दुपार सांगितली, मी न विचारता. फक्त ते हसले नाहीत.

मला प्रशिक्षण चाळीस तासांचं होतं. प्रमाणपत्र होतं, ते मी फ्रेम करून लावलं होतं. त्या घरात बिनपगारी, बिनप्रशिक्षित मध्यस्थी सतरा-अठरा वर्षं चालू होती. पहिल्या वेळी मी काय केलं होतं? म्हातारीच्या जागी तीन बैठका मी बसले होते. दोघं माझ्याशी बोलली, त्यालाच मी त्यांचं बोलणं समजले. आणि आता ही दोघं सासूसाठी का भांडत होती, तेही लक्षात आलं. प्रेम होतंच, ते मी नाकारत नाही. पण वेगळं व्हायचं म्हटल्यावर ज्याच्याकडे आई राहील त्यालाच दुसऱ्याची खबर मिळणार होती.

दोघांना परत एकत्र बसवून मी म्हटलं, “पुढच्या वेळी आईंना घेऊन या. त्यांना कोणी विचारलंय का?”

दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. कोणी विचारलं नव्हतं.

पुढच्या बुधवारी यमुनाबाई आल्या. बारीक अंगाच्या, नऊवारी, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत माझ्यासाठी दोन शहाळी. टेबलाशी बसल्या आणि मुलगा-सून दोन्ही बाजूंना बसायला लागली तशी म्हणाल्या, “हितं न्हाय. तिकडं बसा दोगं. एकाच बाजूला.” बसली. बारा वर्षांत मला हे सुचलं नव्हतं.

मी त्यांना मसुदा वाचून दाखवला. ताबा हा शब्द आला तसं त्यांनी थांबवलं.

“ताबा म्हंजे?”

“म्हणजे तुम्ही कोणाकडे राहायचं ते.”

“मी काय जप्तीतली गाय हाय?”

“तसं नाही आई,” हरेश म्हणाले, “उरणला तुला—”

“तू गप. मी बाईंशी बोलतेय.” मग माझ्याकडे वळल्या. “बाई, वाडी कोनाच्या नावावर हाय ते बगितलं का कोनी?”

मी मसुद्याची पानं उलटली. वाडी पतीच्या आईच्या घराण्यातून आलेली, असं मोघम काहीतरी होतं. सातबारा जोडलाच नव्हता. वाडी यमुनाबाईंच्या वडिलांची. एकुलती एक मुलगी म्हणून ती त्यांच्या नावावर आली होती, आणि होती तशीच होती. नवरा-बायको वाडी कोण चालवणार हे आपसात ठरवून मोकळी झाली होती, त्यांच्या वकिलाने ते टाइप केलं होतं, मी ते वाचून मान डोलावली होती, आणि मालकीणबाई शहाळी घेऊन माझ्यासमोर बसल्या होत्या.

“माजा ताबा माज्याकडं हाय,” त्या म्हणाल्या. “मी वाडी सोडून जायाची न्हाय. लिफ्टमधी माजा जीव घाबरतो. सुगंधा हाय ती ऱ्हाईल, होमस्टे चालवील. सून म्हनून नको तर भाडेकरू म्हनून ऱ्हाव दे, तुमी कागदात काय म्हनायचं ते म्हना. हरेश वाटेल तवा येईल, माजा मुलगा हाय. मोडायचं तर मोडा लगीन. मी आडवी येनार न्हाय. त्यात ऱ्हायलंय काय.”

सुगंधा रडत होती. हरेशनी खिशातून रुमाल काढला, क्षणभर हातात धरला आणि आईपुढे केला. म्हणजे आईने तो सुगंधाला द्यावा.

यमुनाबाईंनी हात मागे घेतला.

“हेच. हेच म्हनतेय मी. बाई, मी दमले. ह्याचं तिला नि तिचं ह्याला. पोस्टमनला बी रविवारची सुट्टी असते. माजी एकच अट लिवा. आता माज्या तोंडानं कोनी बोलायचं न्हाय.”

रुमाल तसाच हवेत होता. तो मग बाजूला सरकला. सुगंधाने घेतला. मध्ये कोणी नव्हतं.

अट लिहायची कशी, हा प्रश्न होता. यमुनाबाई पक्षकार नव्हत्या. त्यांची वाडी त्यांनी सुगंधाला चालवायला दिली, त्याचा वेगळा कागद केला. घटस्फोटाच्या अटींत मी सातवी अट घातली, ‘उभय पक्ष यापुढे परस्परांशी थेट बोलतील, तिसऱ्या व्यक्तीमार्फत निरोप देणार नाहीत.’ पहिल्या तारखेला नव्या न्यायाधीशबाईंनी ती दोनदा वाचली, चष्मा काढला आणि मला विचारलं, “वकीलबाई, यांना घटस्फोटच हवाय ना?”

“हो, मॅडम.”

“नक्की?”

“नक्की,” हरेश आणि सुगंधा एकदम म्हणाली.

सहा महिन्यांनी दुसरी तारीख झाली आणि हुकूम मिळाला. या वेळी पेढे नव्हते. मी तक्ता भरत नव्हते, नाहीतर ‘समेट’च्या रकान्यात काय लिहायचं हा पेच पडला असता.

हरेश महिन्यातून दोन रविवार आईकडे जाऊ लागले. ते पाहुण्यांच्या खोलीत उतरायचे. सुगंधाने पहिल्याच खेपेला त्यांच्यापुढे होमस्टेचं रजिस्टर ठेवलं आणि आधार कार्ड मागितलं, कारण पोलीस तपासायला येतात. हरेशनी नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि ‘येण्याचं कारण’ या रकान्यात ‘आई’ एवढंच लिहिलं. हे मला सुगंधानेच फोनवर सांगितलं. तीन-चार महिन्यांनी तिचा पुन्हा फोन आला.

“वकीलबाई, ती सातवी अट काढता येईल का?”

“का? पाळत नाहीत का ते?”

“पाळतात हो! पंप असा का लावलास, पोफळीची रोपं इतकी जवळ का लावलीस. रविवारभर बोलत असतात. मी पण देते ऐकवून. पाहुणे विचारतात, तुमच्या लग्नाला किती वर्षं झाली म्हणून.”

“मग काय सांगतेस?”

“मोडून सहा महिने झाले सांगितलं. त्यांना विनोद वाटला.”

मला बरं वाटलं, हे कबूल करते. पहिल्या वेळच्या चुकीची भरपाई झाली, असं मी स्वतःला सांगत होते. मध्यस्थाला स्वतःची बाजू पटवायला दोनच मिनिटं लागतात.

गेल्या पावसाळ्यात यमुनाबाई गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्या नाहीत. मी तेव्हा मुलीकडे नाशिकला होते. बातमी कळली ती सव्वा महिन्यानंतर, म्हसळ्याला परतल्यावर, दिघीहून आलेल्या एका ओळखीच्या माणसाकडून. वाईट वाटलं, आणि मागोमाग वाडीचा कागद आठवला. मी कपाटातून यमुनाबाईंच्या कागदाची प्रत काढली. मीच लिहिलं होतं, ‘यमुनाबाई हयात असेपर्यंत सुगंधा वाडी व होमस्टे चालवील.’ हयात असेपर्यंत. त्यानंतर काय, याबद्दल एक अक्षर नव्हतं. मृत्युपत्र करून ठेवा, हे त्यांना मी सुचवलंच नव्हतं. त्या इतक्या ठामपणे बोलत होत्या की त्या कधी मरतील हे डोक्यातच आलं नाही. हरेश एकुलते एक, म्हणजे आता वाडी त्यांची. सुगंधा कायद्याने त्या घराची कोणी नाही. तिने वादळानंतर एकेक पत्रा चढवलेला, एकेक पोफळ नव्याने लावलेली, आणि माझ्या एका अर्धवट वाक्याने ती रस्त्यावर येऊ शकत होती.

तीन दिवस मी मसुदा करत बसले. हरेशना काय सांगायचं, कुठल्या शब्दांत, सुगंधाने काय सोडायचं, त्यांनी काय द्यायचं. दोघं हटून बसली तर वेगळ्या बैठका घ्यायच्या, हेही ठरवलं. मग पिशवीत कागद घातले आणि दिवेआगरला गेले. रविवार होता.

दोघं पुढच्या पडवीत होती. हरेश बोर्डाला रंग देत होते. सुगंधा सुपाऱ्या निवडत बसली होती. मला बघून ती उठली, आत नेलं, यमुनाबाईंच्या फोटोसमोर बसवलं. त्या गेल्या त्या दिवशीचं सगळं सांगितलं. मध्ये मध्ये हरेश तिला दुरुस्त करत होते, “दोन नाही, अडीच वाजले होते,” आणि ती म्हणत होती, “तुम्ही कुठे होतात तेव्हा?”

मी योग्य वेळ साधून घसा साफ केला. “मला तुमच्याशी वाडीबद्दल बोलायचंय. माझ्याकडून कागदात एक गोष्ट राहिली. मी एक मसुदा करून आणलाय, आधी मी दोघांशी वेगवेगळं—”

“ते झालं, वकीलबाई,” सुगंधा म्हणाली.

“काय झालं?”

“वारसनोंद झाली की मी हिला तीस वर्षांचा भाडेपट्टा करून देतोय,” हरेश म्हणाले. “रजिस्टर करून. वाडी हीच चालवणार.”

“कोणी ठरवलं?”

“आम्ही.”

“कधी?”

“बाराव्याच्या दिवशी. पाहुणे गेल्यावर बसलो बोलत.”

मी हरेशकडे पाहिलं, मग सुगंधाकडे. पस्तीस वर्षांच्या सवयीने विचारलं, “आणि याच्या बदल्यात काय ठरलं? सुगंधा, तू काय कबूल केलंस? कागदात सगळं यायला हवं, म्हणून विचारते.”

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. हरेशना हसू आलं, त्यांनी तोंड फिरवलं आणि ब्रश डब्यात बुडवला.

“ते आमचं आमच्यात आहे,” सुगंधा म्हणाली. “तुम्ही चहा घ्या.”

मी कागद पिशवीतच राहू दिले आणि चहा घेतला. त्या घरातली भाताची, गोळीची, कडीची, सगळी गोष्ट मला आजवर दोन्ही बाजूंनी सांगितली गेली होती. या वेळी कोणी काही सांगितलं नाही.